केस गळत नाहीत, मग जातात कुठे?

'लॅब्राडूडल' हे नाव पहिल्यांदा ऐकलं की एखाद्या कॅफेच्या मेन्यूत नवा आयटम आलाय असंच वाटतं. तसं नाहीये. लॅब्राडॉर आणि पूडल यांच्या संकरातून झालेलं हे कुत्रं. टेडी बेअरसारखा चेहरा, कुरळे केस, बटणासारखे डोळे. रील्स बघता बघता माणूस विरघळलाच पाहिजे, असा एकूण लुक! पिल्लू विकणारे सोबत तीन वाक्यं फुकट देतात. 'केस गळत नाहीत.' 'अ‍ॅलर्जी होत नाही.' आणि तिसरं, खास तुमच्या-आमच्यासाठी: 'नोकरीवाल्यांना एकदम बेस्ट, काही करावं लागत नाही.'

या तिन्ही वाक्यांची जरा उलटतपासणी व्हायला हवी. गेल्या दोनेक वर्षांत माझ्या ओळखीच्या तीन घरांत डूडल आलं आणि त्यातल्या एका घरातून ते दहाव्या महिन्यात दुसरीकडे गेलंसुद्धा. कुत्रं वाईट नव्हतं. माणसंही वाईट नव्हती. दोघं आयटीतले, कुत्र्यांवर जीव टाकणारे. पण त्यांना या तीन वाक्यांच्या पलीकडचं कुणी काही सांगितलंच नव्हतं.

आधी थोडी वंशावळ

१९८० च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात अंध व्यक्तींसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ ब्रीडिंगचं काम बघत होते. त्यांच्याकडे हवाईहून एक मागणी आली. एका बाईंना दृष्टिदोष होता, त्यांना मार्गदर्शक कुत्रं हवं होतं. पण नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी. कॉनरननी आधी बरेच पूडल वापरून पाहिले, त्यातला एकही या कामाला जमेना. शेवटी त्यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तेव्हा तिघांपैकी एकच त्या नवऱ्याला चाललं. सुलतान त्याचं नाव.

म्हणजे बघा, अगदी पहिल्या वेतातसुद्धा 'अ‍ॅलर्जी होत नाही' हे तीनातल्या एकालाच लागू पडलं होतं!

पुढची गंमत ब्रँडिंगवाल्या मंडळींनी जरूर वाचावी. संस्थेच्या वेटिंग लिस्टवर बरीच माणसं होती, पण उरलेली दोन पिल्लं कुणी घेईना. सगळ्यांना शुद्ध जातीचं कुत्रं हवं होतं. मग कॉनरननी या संकराचं 'लॅब्राडूडल' असं नामकरण करून बातमी सोडली आणि फोन खणखणायला लागले. कुत्रं तेच, फक्त नाव नवं! या बारशाचा आपल्याला किती पस्तावा होतो, हे याच कॉनरननी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियन रेडिओवर सांगितलं. पैशाच्या मागे लागलेल्यांनी तब्येत न बघता कशाचाही पूडलशी संकर सुरू केला, ही त्यांची खंत होती.

अ‍ॅलर्जीचं पुढे काय झालं? २०१२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लॅब्राडूडल, पूडल, लॅब्राडॉर अशा कुत्र्यांचे केस आणि त्यांच्या घरातली धूळ तपासली. ज्यांना 'अ‍ॅलर्जी न करणारी' म्हणतात, त्यांच्या केसांवर अ‍ॅलर्जी करणारं प्रथिन उलट जास्तच सापडलं. हे प्रथिन कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतं. केस गळो न गळो, ते असतंच. तेव्हा घरात कुणाला दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल, तर पिल्लू ठरवण्याआधी त्या माणसाला त्याच पिल्लासोबत दोन-तीनदा तासभर बसवा. तरीही डॉक्टरांशी बोला. विकणाऱ्याच्या शब्दावर इनहेलर फेकून देऊ नका.

केसांचं गणितही असंच लॉटरीचं. लॅब्राडॉर आणि पूडलची थेट पिल्लं असतील, तर एकाच वेतात एकाचे केस सरळ, दुसऱ्याचे लाटांसारखे आणि तिसऱ्याचे लोकरीसारखे घट्ट कुरळे निघू शकतात. काही चक्क लॅबसारखे गळतात. पुन्हा पूडलशी संकर केलेली पिल्लं जास्त कुरळी असतात आणि कमी गळतात. पण आठ आठवड्यांच्या लोकरीच्या गोळ्याकडे बघून मोठेपणी काय होणार, हे छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. वजनाचंही तेच. मोठ्या पूडलचा संकर असेल, तर मांडीवरचं हे पिल्लू वर्षभरात २५ ते ३० किलोंचं होतं. वन बीएचकेवाल्यांनी सोफ्याची लांबी आधी मोजलेली बरी.

घेतानाचं थोडक्यात. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, असं २०१७ चे केंद्राचे नियम सांगतात. पिल्लाची आई बघायला मागा. आई-बाप दोघांच्या खुब्याच्या एक्स-रेचे आणि डोळ्यांच्या तपासणीचे रिपोर्ट मागा, कारण खुब्याचा आणि डोळ्यांच्या पडद्याचा आनुवंशिक आजार लॅबमध्येही आहे, पूडलमध्येही आहे. 'संकर आहे म्हणजे आजार नाहीत' हे वाक्य कानावर आलं, तर चहा पिऊन उठा. आणि हो, कुठलाही मोठा केनेल क्लब लॅब्राडूडलला स्वतंत्र जात मानत नाही. त्यामुळे 'पेपर्स आहेत' म्हणून कुणी जादा पैसे मागत असेल, तर ते पेपर्स नेमके कशाचे, हे विचारायला लाजू नका.

सहा आठवड्यांची डेडलाइन

आता मुद्द्याचं. पिल्लू घरी आलं की आपण सगळे काय करतो? फोटो काढतो, पाळण्यासारखा मऊ बेड आणतो आणि 'जरा मोठं होऊ दे, मग ट्रेनर लावू' असं म्हणतो. इथेच गाडी चुकते.

कुत्र्याच्या पिल्लाची पाटी तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत कोरी असते. या काळात जे दिसेल, ऐकू येईल, अंगाला लागेल, ते 'नॉर्मल' म्हणून मनात पक्कं बसतं. ज्याची ओळखच झाली नाही, त्याची पुढे भीती वाटायची शक्यता वाढते. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन लॅबोरेटरीत स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पिल्लांवर प्रयोग करून हे मांडलं. त्यांचं पुस्तक १९६५ चं, म्हणजे गोष्ट काही नवीन नाही. तुमचं पिल्लू घरी येतं आठव्या आठवड्यात. हिशेब करा. हातात उरतात जेमतेम सहा आठवडे. ऑफिसातल्या साध्या प्रोजेक्टलाही याहून जास्त वेळ मिळतो.

यात एक खरीखुरी अडचण आहे. लसींचा कोर्स सुरू होतो सहाव्या ते आठव्या आठवड्यात. मग दर तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, असं करत तो सोळाव्या आठवड्याच्या आसपास संपतो. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. तोवर पार्व्होची भीती. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि पिल्लाचा जीव घेऊ शकतो. म्हणून पूर्वी सरसकट सल्ला असायचा, की लसी पूर्ण होईपर्यंत घराबाहेर काढायचं नाही. पण तोवर ती कोरी पाटी भरून गेलेली असते! २००८ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या प्राणी-वर्तनविषयक संघटनेने यावर स्पष्ट भूमिका घेतली. पहिल्या लसीनंतर किमान सात दिवसांनी, स्वच्छ आणि सुरक्षित जागी पिल्लांचं सोशलायझेशन सुरू करावं, लसी संपायची वाट बघू नये.

आपल्या रस्त्यांवर 'सुरक्षित जागा' कुठून आणायची, हा प्रश्न रास्तच आहे. माझ्या बाणेरच्या मैत्रिणीने यावर सॉलिड फंडा काढला. तिची डूडल, नाव जिलबी (कुरळे केस आणि केशरी रंग, दुसरं काय ठेवणार?), पहिले दोन महिने जमिनीला पायच लावत नव्हती. मैत्रीण तिला चक्क शबनममध्ये घालून फिरवायची. भाजी मंडईच्या कडेला दहा मिनिटं. बसस्टॉपवर दहा मिनिटं. सोसायटीच्या गेटवर, वॉचमनकाकांच्या काठीशेजारी दहा मिनिटं. बॅगेतून फक्त एक नाक आणि दोन डोळे बाहेर. पाय खाली नाहीत, त्यामुळे धोका कमी आणि जग मात्र सगळं दिसतंय.

काय काय दाखवायचं? तुमच्या पिल्लाला ज्या घरात, ज्या गल्लीत पुढची बारा-तेरा वर्षं काढायची आहेत, तिथलं सगळं. कुकरची शिट्टी, मिक्सर, लिफ्टचं दार, घंटागाडी, हेल्मेट घातलेला डिलिव्हरी बॉय, रेनकोटमधला माणूस, छत्री उघडतानाचा फटकन आवाज, काठी टेकत चालणारे आजोबा, पळणारी मुलं, झाडू, गुळगुळीत फरशी, जिना. फॉरेनच्या पुस्तकांत व्हॅक्यूम क्लीनर असतो, आपल्याकडे ढोल-ताशा असतो. गणपतीत पुण्यात राहणाऱ्या कुत्र्याला ढोल नवा असून कसं चालेल? पिल्लू जेवत असताना मोबाइलवर ढोल अगदी हळू लावा. दर दोन दिवसांनी आवाज एक काडी वाढवा. खाणं थांबवून कान टवकारले, की एक काडी कमी करा. फटाक्यांचंही तसंच. दिवाळीच्या आदल्या दिवशी सुरुवात करून काहीही उपयोग नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. सोशलायझेशन म्हणजे पिल्लाला सोसायटीच्या वाढदिवसाच्या पार्टीत नेऊन पंधरा पोरांच्या हातात देणं नव्हे. त्याला जांभया येऊ लागल्या, ते ओठ चाटू लागलं, तोंड फिरवू लागलं, शेपूट पायांत घालू लागलं, की समजा, पुरे झालं. ते लाजत नाहीये, घाबरलंय. लांब न्या, तोंडात उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्या आणि लांबूनच बघू द्या. दहा गोष्टी भीत भीत बघण्यापेक्षा तीन गोष्टी मजेत बघितलेल्या चांगल्या. दुसऱ्या कुत्र्यांशी ओळख करायची तर लसी झालेल्या, शांत स्वभावाच्या, मोठ्या कुत्र्याशी. गल्लीतल्या गँगशी दोस्ती नंतर, लसी पूर्ण झाल्यावर, आणि तीही बेताने.

बस, सिट की बैठ?

ट्रेनिंगवर पुस्तकं ढिगाने आहेत, त्यामुळे इथे थोडक्यातच. लॅब आणि पूडल दोघंही मुळात पाण्यातून शिकार उचलून आणणारी कुत्री. डोकं तल्लख, तोंडात काहीतरी धरायची हौस आणि पाण्याचं प्रचंड वेड. पावसाळ्यात डबकं दिसलं की संपलं! हुशार असल्यामुळे ती भराभर शिकतात, पण यात एक मेख आहे. नको ते दुप्पट वेगाने शिकतात. बेल वाजल्यावर दारावर उडी मारली आणि तुम्ही हसलात, की झालं. पिल्लाच्या लेखी तो धडा पूर्ण.

सगळ्यात जास्त घोळ घरातली माणसंच घालतात. बाबा म्हणतात 'सिट', आई म्हणते 'बस रे बाळा खाली', कामवाल्या मावशी म्हणतात 'बैठ' आणि पिल्लू बिचारं तिघांकडे आळीपाळीने बघत उभं. फ्रिजवर एक कागद लावा. कुठल्या गोष्टीला कुठला शब्द, ते ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरा. भाषा कुठलीही चालेल, कुत्र्याला एमपीएससी द्यायची नाहीये. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं पुरतात. बरोबर केल्या केल्या, सेकंद-दोन सेकंदांत, बक्षीस. उशिरा दिलेलं बक्षीस कशाबद्दल होतं, ते त्याला कळत नाही.

मारणं, नाक शूत घासणं, गळ्यातल्या काटेरी साखळ्या हे प्रकार अजूनही 'अनुभवी' लोक सुचवतात. नम्रपणे ऐका आणि सोडून द्या. २०२० साली पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला. शिक्षेवर भर देणाऱ्या ट्रेनिंग स्कूलमधल्या कुत्र्यांमध्ये तणावाची लक्षणं जास्त दिसली, लाळेतलं तणावाचं हार्मोनही ट्रेनिंगनंतर जास्त वाढलेलं आढळलं. ज्याला घाबरून जगायला शिकवलंय, ते कुत्रं एक दिवस चावलं, तर नवल कसलं?

शू-शीचं तंत्र सोपं आहे, फक्त ते पाळायला माणूस घरी लागतो. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यायचं. फ्लॅटमध्ये सुरुवातीला बाल्कनीतले वर्तमानपत्रही चालेल (आमच्या लेखांचा असाही उपयोग!). दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपलीकडे धरून ठेवू शकत नाही, रात्रीसुद्धा. चुकून घरात झालंच, तर आरडाओरडा न करता पुसा. फिनाइल मात्र नको. आपल्याला तो वास स्वच्छ वाटतो, पण पिल्लू त्यावरून चालतं आणि मग पाय चाटतं. पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइम क्लीनर मिळतो, तो वासही मुळापासून काढतो.

आणि आता त्या तिसऱ्या वाक्याचं बघू. 'नोकरीवाल्यांना बेस्ट.' पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, हे खरं. पण सलग नाही, आणि एकटं नाही. दोघंही सकाळी नऊला निघून रात्री आठला येणार असाल आणि मध्ये घरी कुणीच नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे. पिल्लू आणू नका. डूडलचं नको आणि कुठलंच नको. शेल्टरमधलं दोन-तीन वर्षांचं, सवयी लागलेलं, आखूड केसांचं इंडी कुत्रं तुमच्या आयुष्यात जास्त आनंदाने बसेल.

आणायचंच असेल, तर आधी वेळेची सोय करा. जिलबीच्या घरी दोघांनी पाठोपाठ दोन-दोन आठवडे रजा घेतली, मग वर्क फ्रॉम होमचे दिवस आळीपाळीने लावले आणि सासूबाई सांगलीहून महिनाभर येऊन राहिल्या. एकटं राहणंही शिकवावं लागतं. आधी एक मिनिट दाराबाहेर, मग पाच, मग वीस. जाताना मिठ्या मारून निरोप समारंभ करायचा नाही. पहिल्याच सोमवारी थेट नऊ तास एकटं ठेवलेलं पिल्लू रडून इमारत डोक्यावर घेतं आणि मग सोसायटीची नोटीस येते. सोसायटीला कुत्री पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायलाही मज्जाव करता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात म्हटलंय खरं. पण परिपत्रक दाखवून शेजारी झोपत नाहीत. महापालिकेचा परवाना काढा, घाण उचलायची पिशवी खिशात ठेवा आणि लिफ्टमध्ये कुणी घाबरत असेल, तर पुढची लिफ्ट पकडा.

खाण्याबद्दल एकच सूचना. चॉकलेट घातक हे सगळ्यांना माहीत असतं. पण द्राक्षं आणि मनुकाही विषारी असतात, कांदा-लसूणसुद्धा. प्रसादाचा शिरा 'थोडासा, देवाचा' म्हणून भरवायला आजी पुढे आल्या, तर त्यांना प्रेमाने थांबवा.

गुंता

आता शीर्षकातला प्रश्न. गळत नाहीत ते केस जातात कुठे? कुठेच जात नाहीत. सुटलेला केस फरशीवर पडण्याऐवजी कुरळ्यांत अडकून राहतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. चार दिवसांत गाठ, दोन आठवड्यांत जट. लॅबवाल्याच्या घरी केस सोफ्यावर असतात आणि कामवाल्या मावशी ते झाडतात. डूडलवाल्याच्या घरी ते कुत्र्यावरच असतात आणि ते तुम्हालाच सोडवावे लागतात. म्हणजे काम वाचत नाही. फक्त झाडू जाऊन कंगवा येतो.

पिल्लाच्या मऊ केसांना हे लागू नसतं, आणि खरी फसगत तिथेच होते. पहिले पाच-सहा महिने वरवर ब्रश फिरवला तरी पिल्लू मस्त दिसतं. मग साधारण सहा महिने ते वर्ष या वयात केव्हातरी पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येऊ लागतात आणि दोन्ही एकमेकांत गुंततात. नेमकं याच वयात ते टीनएजर झालेलं असतं, ऐकत नाही, ओढतं. ज्यांना कंगव्याची सवय नाही, ते आता कंगवा दिसला की दात दाखवतात. वर सांगितलेलं ते घर आठवतंय? दहावा महिना. ग्रूमरकडे नेलं, तर कानामागे आणि काखेत जटा कातडीला चिकटलेल्या, खाली लाल झालेलं. सगळं मशिनने उतरवण्यावाचून इलाज नव्हता. ग्रूमरवर चिडून उपयोग नसतो. जटा ओढून सोडवणं म्हणजे कुत्र्याचा छळच.

करायचं काय? दोन वस्तू लागतात. बारीक तारांचा स्लिकर ब्रश आणि लांब दातांचा स्टीलचा कंगवा. ब्रशने वरचा थर फुलतो, पण खरी परीक्षा कंगव्याची. कातडीपासून टोकापर्यंत तो न अडता गेला, तरच विंचरणं झालं. केसांचा भांग पाडायचा, एका हाताने वरचे केस दाबून धरायचे, खालची एक ओळ विंचरायची, मग त्याच्या वरची ओळ. जिलबीच्या घरी हे तंत्र कुठल्याही व्हिडिओतून आलं नाही. सून ब्रश घेऊन झटापट करत होती, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, मुळाशी धर आणि टोकाकडून सोडवत ये. मुळाशी धरलंस म्हणजे ओढ बसत नाही तिला. आम्ही नाही का एवढे लांब केस विंचरायचो!" हेच ग्रूमरही सांगतात. पिढ्यान् पिढ्या वेण्या घालणाऱ्या घरांत हे ज्ञान पडून आहे, वापरा.

रोज दहा मिनिटं. रोज जमणार नसेल तर एक दिवसाआड, पण त्याखाली नाही. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, मांड्यांच्या आत, शेपटीच्या मुळाशी आधी बघा, कारण गाठी तिथे लपतात. आंघोळ घालण्याआधी विंचरणं मस्ट. गाठ भिजली आणि वाळली, की नमद्यासारखी घट्ट होते. शॅम्पू कुत्र्यांचाच, आपला नाही. आणि नंतर अगदी मुळापर्यंत वाळवायचं. मुंबईच्या पावसाळ्यात वरून कोरडं वाटणारं डूडल आतून ओलं असतं, आणि मग खाज, वास, बुरशी.

कान वेगळेच प्रकरण आहे. लॅबसारखे लोंबणारे आणि पूडलसारखे केसाळ. वारा लागत नाही, ओल राहते, इन्फेक्शन होतं. आठवड्यातून एकदा उघडून बघा आणि हुंगा, हो, हुंगाच. आंबूस वास, लालपणा किंवा सतत डोकं झटकणं, यातलं काहीही दिसलं की डॉक्टर. काडीला कापूस लावून आत खोल घालू नका. बाहेरून आल्यावर बोटं केसांत घालून गोचीड शोधायची सवयही लावून घ्या. आखूड केसांच्या कुत्र्यावर ती दिसते, डूडलवर ती हाताला लागते. गोचीडताप आपल्याकडे नेहमीचा आहे आणि वेळेत कळला नाही, तर जिवावर बेततो. पंजांच्या गाद्यांमधले केस वाढले की कुत्रं फरशीवर घसरतं, तेही बघत राहायचं.

हे सगळं सहन करायला कुत्र्याला शिकवायचं कधी? त्याच सहा आठवड्यांत. पिल्लू पेंगुळलेलं असताना एक पंजा हातात घ्या, तुकडा द्या, सोडा. कान उचला, तुकडा द्या, सोडा. कंगवा नुसता टेकवा, तुकडा द्या. ट्रिमर न लावता, बंद असताना शेजारी ठेवा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खोलीत चालू करा. तिसऱ्या दिवशी जरा जवळ. टेबलावर उभं राहायची सवय लावा, मात्र एक हात कायम त्याच्यावर ठेवून. जिलबीला पहिल्यांदा ग्रूमरकडे नेलं ते चौथ्या महिन्यात, लसी झाल्यावर. केस कापायला नाहीच, फक्त टेबलावर चढून, चिकन खाऊन, ड्रायरचा आवाज ऐकून परत यायला. खरा हेअरकट त्यानंतरच्या खेपेला. आता दर सहा ते आठ आठवड्यांनी तिची फेरी असते, आणि त्याचा खर्च मैत्रिणीच्या स्वतःच्या पार्लरच्या बिलापेक्षा जास्त येतो, असं तिचा नवरा सांगतो. म्हणून पिल्लाची किंमत ठरवताना ग्रूमरचं रेटकार्ड आधी मागवा आणि त्याला वर्षातल्या सात-आठ खेपांनी गुणा.

लांब केस सांभाळायला जमत नसेल, तर सरळ ग्रूमरला इंचभर ठेवायला सांगा. टेडी बेअर थोडा कमी दिसेल, कुत्रं मात्र सुखात राहील. आणि दिवाळीच्या आठवड्यातली अपॉइंटमेंट हवी असेल, तर गणपतीतच फोन करून ठेवा.